झग्यांचा पगार

मास्तरांचा फायदा सरळ होता: पगार शिंपीदुकानाच्या कमाईच्या अडीचपट, नाटक कंपनीच्या कपडेपटाचं प्रमुखपद, आणि जन्मभर शाळेचे गणवेश कापून कंटाळलेल्या कात्रीला राजाराण्यांचे झगे. तोटा म्हणजे शहर. तिथे श्वास घ्यायलाही भाडं पडतं, असं तिथे कधीच न गेलेले लोक छातीठोकपणे सांगत.

मास्तरांना जायचं होतं, पण कबूल करायचं नव्हतं. हिशेब बसला तर बघू, एवढंच ते म्हणत. बायकोलाही जायचं होतं, आणि ती ते सांगून मोकळी झाली होती. कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

शहरात मास्तरांची धाकटी बहीण राहत होती. फोनवरून तिने भाडं, वीज, दूध, भाजी, मुलीची शाळा, सगळ्याचे भाव सांगितले आणि बायकोने उतरवून घेतले. रविवारी दुपारी मास्तरांनी कापायच्या टेबलावरच खडूने बेरीज मांडली. ती पगाराच्या बरीच पुढे गेली. पुन्हा केली, तरी मागे येईना.

मास्तर म्हणाले, चला, सुटलो. चेहरा मात्र समोरचं ताट कुणी ओढून नेल्यासारखा. बायको दोऱ्याची रिळं लावू लागली, तीही भलत्याच रंगांच्या खणात.

कोपऱ्यात मास्तरांची आई काजं करत बसली होती. मास्तर, बायको आणि बहीण, तिघांनाही शिवणकाम तिनेच शिकवलेलं. दुकान आणि गाव सोडणार नाही, हे तिने आधीच बजावलं होतं. म्हणजे बेरीज पगारात न बसण्यात खरा लाभ तिचाच. तरी तिने चष्मा वर करून विचारलं, "ह्यात माया किती धरलीस?"

शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, ती माया. पुढे कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो. मास्तर म्हणाले, नेहमीसारखीच, पाचवा हिस्सा. तेव्हा बायको चाचरत म्हणाली की उतरवून घेताना थोडी तिनेही धरली होती, ऐनवेळी कमी पडायला नको म्हणून. मग बहिणीला फोन लावला. ती फणकारली, "दादा, नेमका आकडा सांगून तुला तोंडघशी पाडू का? चांगली सढळ माया धरूनच सांगितलंय."

"तिघांनी मिळून सदऱ्याचा तंबू केलात," आई म्हणाली. "उसवा आता."

उसवलं. दोघींची माया काढली, मास्तरांची ठेवली. शहर पगारात बसलं. बगलेत जरासं काचत होतं, पण बसलं. हाताचा खडू न झटकताच मास्तरांनी कंपनीला होकार कळवला. मग आईकडे वळून म्हणाले, "तूही चल ना."

"आणि इथली गिऱ्हाइकं काय उघडी फिरतील?" ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली. पहिल्या खेपेला ओवला गेला नाही.

वर्षाअखेरचा जमाखर्च असा. मास्तरांना झगे मिळाले, आणि थोडं पोटही सुटलं. बायकोला त्याच कपडेपटात झालरी लावायचं काम लागलं. शहरातल्या घराची अनामत बहिणीने भरली होती, ती हप्त्याहप्त्याने फिटली. गावात गणवेशांचं काम आई एकटीच ओढते. कुरकुरते, पण कुणाला हात लावू देत नाही. दर रविवारी तासभर फोन चालतो. तो लावते आई, आणि बिलही तीच भरते.