पाहुण्यांचं घर

मोरागने हनुवटीखालची रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मशिदीच्या अंगणात दगडी चौथऱ्यावर रिफातची शवपेटी ठेवली होती. वर हिरवं कापड, कापडावर त्याची रोजची करडी टोपी. पुरुष पुढे रांगा धरून उभे होते, बायका मागे भिंतीच्या कडेला. मोराग सगळ्यांच्या शेवटी, अंजिराखाली, वाटेल तेव्हा निघून जाता येईल अशा जागी उभी होती.

तिला पाहून बायकांत कुजबुज झाली. सहा वर्षं म्हाताऱ्याला कोर्टात ओढलं आणि आता डोळे पुसायला आली, असं एक जण म्हणाली, तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. दुसरी म्हणाली, निदान डोकं झाकून तरी आली, तुझी सून बघ कशी आलीय.

मोरागला सगळं समजलं. वीस वर्षं एखाद्या गावात काढल्यावर टोमणा समजायला दुभाषी लागत नाही. कोर्टात मात्र तो लागायचा. तिची भाषा कितीही सुधारली तरी परदेशी माणसाला शपथ घेतलेला दुभाषी हवाच, असा नियम होता. त्यामुळे तिथली प्रत्येक वाईट गोष्ट तिला दोनदा ऐकावी लागे. एकदा त्यांच्या तोंडून, मग दुभाष्याच्या.

स्कॉटलंडहून ती आणि तिचा नवरा अॅलस्डेर इथे आले तेव्हा टेकडीवरचा हा तुकडा नुसता धोंड्यांचा होता. रिफात गवंडी. जमीन त्याची, पैसे अॅलस्डेरचे, हात दोघांचे. दोघांनी मिळून दोन उन्हाळ्यांत घर उभं केलं. परक्या माणसाच्या नावावर जमीन करायची तर तेव्हा लष्कराची परवानगी लागे, आणि ती यायला वर्ष-दीड वर्ष जाई. तोवर कागद माझ्याच नावावर राहू दे, आपल्यात काय आहे, असं रिफात म्हणाला होता. पुढे परवानगी आली. अॅलस्डेरने कागदाचा विषय काढला नाही. रोज संध्याकाळी ज्याच्याशी सोंगट्या खेळायच्या, त्याला कागद मागायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, असं त्याला वाटे. उद्या बोलतो, म्हणायचा. एका सकाळी तो डाळिंबाला आळं करताना तिथेच खाली बसला आणि उठला नाही.

मग मोरागने कागद मागितला, आणि रिफातच्या आधी त्याचा मुलगाच नाही म्हणाला. पुढचं सगळं कोर्टात झालं. पहिल्याच तारखेला रिफात न्यायाधीशांसमोर टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, “ते माझे पाहुणे होते. आमच्यात पाहुण्याला किती दिवस राहणार, असं विचारत नाहीत.”

दुभाष्याने ते वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. ते रिफातच्या तोंडून ऐकतानाच मोरागच्या मनाला पुरेसं लागलं होतं.

आता अंगणात हालचाल झाली. दोन बायकांनी दोन्ही दंडांना धरून झेलिहाला आणलं. रिफातची बायको. तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, पण तिने दंड सोडवून घेतले. मला सावली पाहिजे, म्हणाली, आणि चालत चालत अंजिराखाली येऊन मोरागच्या शेजारी उभी राहिली. सहा वर्षांत ती इतकी जवळ आली नव्हती. तिने रुमालाचं टोक तोंडावर ओढून घेतलं आणि दातांत धरलं.

एके काळी हीच झेलिहा रोज टेकडी चढून यायची आणि कुंपणावरून हाक मारायची. इथे चहा बिनदुधाचाच पितात. चहात दूध घालणाऱ्या बाईला देव विचारणार आहे, म्हणायची, तेव्हा काय सांगशील? अॅलस्डेर गेला त्या दिवशी ती डाळिंबाखाली जमिनीवर बसली, मांडीवर हात आपटत रडली आणि रडता रडता गायली. इथल्या बायका मेलेल्या माणसासाठी अशाच गातात. तो काय होता, त्याचं काय होतं, ते मोजून मोजून सांगतात. परक्या, वेगळ्या धर्माच्या माणसासाठी ती गायली, याचं गावाला तेव्हा नवल वाटलं होतं.

नमाज झाली. इमाम पेटीकडे पाठ करून लोकांकडे वळला. हा माणूस तुम्ही कसा जाणलात, असं त्याने विचारलं. चांगला जाणला, असं सगळे म्हणाले. मग त्याने दुसरं विचारलं, जे माती देण्याआधी प्रत्येकासाठी विचारतात.

“याच्यावर तुमचा काही हक्क असेल, तर तो सोडता का?”

“सोडला.”

आवाज भिंतीवर आपटून परत आला. मोरागने गावातल्या कितीतरी मयतींना हा शब्द सगळ्यांबरोबर म्हटला होता, प्रार्थनेचाच भाग समजून. आज तिने तो म्हटला नाही. सकाळीच तिच्या वकिलाने फोनवर सांगितलं होतं, तिथे जे म्हणाल त्याची कोर्टात नोंद नसते, खुशाल म्हणा. तिला भीती कोर्टाची नव्हतीच.

इमामने दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्या रांगेतून रिफातच्या थोरल्या मुलाने, सेलामीने, मान वळवून अंजिराकडे पाहिलं. मोरागने ओठ उघडले.

“म्हणू नकोस,” झेलिहा म्हणाली. तोंडावरचा रुमाल हललासुद्धा नाही. “मनात नसेल तर म्हणू नकोस. वरवर सोडलेलं त्याला पोचत नाही. उलट जड होतं.”

तिसऱ्यांदा सगळं अंगण म्हणालं. मोराग म्हणाली नाही. माणसांनी पेटी खांद्यावर घेतली, आणि ती हातोहात पुढे सरकत फाटकाबाहेर गेली.

त्या संध्याकाळी रिफातच्या घरून त्याच्या नावाने गावभर रव्याचा हलवा वाटला. मोरागने अंधार पडेपर्यंत दार उघडं ठेवलं. ताटली आली नाही.

तीन आठवड्यांनी तारीख होती. दाव्यात आता रिफातच्या जागी वारसांची नावं लागली होती. झेलिहा आणि दोघं मुलं. धाकटा परदेशात, त्याच्या वतीने वकील. सेलामी नवा कोट घालून बसला होता, आणि त्याच्या शेजारी काळा रुमाल बांधून झेलिहा. ती कशाला आली, याचं त्यांच्या वकिलालाही कोडं पडलेलं दिसत होतं. नवी न्यायाधीश तरुण बाई होती. तिने कागद चाळले, लेखी काही नाही हे पाहून मान हलवली आणि सवयीने विचारलं, वारसांना काही सांगायचंय?

झेलिहा उभी राहिली.

“आई, बस खाली,” सेलामी हलक्या आवाजात म्हणाला.

ती बसली नाही. ते पाहुणे नव्हते, असं तिने सांगितलं. जमीन त्यांनी विकत घेतली, घर त्यांनी बांधलं, छपराच्या दिवशी कोंबडा कापला तो तिने स्वतः शिजवला. फक्त कागद तेवढा आमच्या नावावर राहिला.

“हे आत्ताच का सांगता, काकू?” न्यायाधीश म्हणाली.

“तो जिवंत होता तोवर नवरा होता.”

न्यायाधीश पुढे वाकली. मग तिने विचारलं, घर त्यांचंच होतं असं तुम्ही तेव्हा कुणासमोर म्हणाला होतात का?

“म्हणाले होते. सगळ्या गावासमोर. तिचा नवरा गेला तेव्हा मी त्याच्यासाठी रडले.” आणि तिने दोन ओळी म्हटल्या, गायल्या नाहीत, नुसत्या सांगितल्या.

*आपुल्या हातानं घर बांधलं धन्यानं,*
*दारीच्या डाळिंबा आता शिंपावं कोणानं.*

“धनी म्हटलंय मी त्याला,” झेलिहा म्हणाली. “पाहुणा नाही म्हटलं. मेलेल्यापुढे कुणी खोटं रडत नाही, लेकी.”

टंकलेखकाची बोटं थांबली होती. गाणं लिहायचं का, असं त्याने विचारलं.

“जसं म्हणाल्या तसं लिहा,” न्यायाधीश म्हणाली.

दुभाषी मोरागकडे वाकला आणि त्याने तोंड उघडलं. मोरागने त्याच्या मनगटावर हात ठेवला. आज तिला दोनदा ऐकायचं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर मोरागच्या वकिलाने तिला समजावलं. झेलिहाने कबूल केलं ते तिच्या वाट्यापुरतं. म्हणजे घराचे चार आणे. बारा आणे मुलांचे. ते लढणार, आणि अजून किती वर्षं लागतील सांगता येत नाही. चार आण्यांत कोणती खोली येते, असं मोरागने विचारलं. वकील हसला, तिने थट्टेने विचारलं नव्हतं.

समोर सेलामीने गाडी काढली. झेलिहा पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्याने काच अर्धी खाली केली.

“ज्यांच्या बाजूने बोललीस, त्यांच्याबरोबर ये.”

गाडी गेली. झेलिहाचा हात दाराच्या उंचीवर तसाच राहिला होता. मग तिने तो रुमाल सारखा करायला वापरला.

दोघी मिनीबसने निघाल्या. गावाच्या अलीकडे सुरूच्या झाडांपाशी झेलिहाने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. कबरस्तानाच्या नळावरून तिने बाटली भरून घेतली. रिफातची माती अजून उंच होती, बसायची होती. झेलिहाने डोक्याकडून पायांकडे हळूहळू पाणी सोडलं. माती काळी झाली.

“आता विचारते,” ती मातीकडे बघत म्हणाली. “इमाम नाही, पण मी विचारते. सोडतेस का?”

सोंगट्या लावणारी रिफातची जाड बोटं मोरागला आठवली. त्याने टोपी हातात धरून म्हटलेलं वाक्यही आठवलं.

“सोडला.”

“तीनदा असतं.”

मोरागने आणखी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. तिने वळून पाहिलं. झेलिहाच्या तोंडावर आज रुमाल नव्हता.

“मी पण त्या दिवशी म्हटलं नव्हतं,” झेलिहा म्हणाली.

उरलेलं पाणी तिने मातीवर रिकामं केलं, बाटली झटकली आणि पिशवीत ठेवली. खाली गावातल्या तिच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. सून चूल पेटवत असावी. झेलिहाने तिकडे पाहिलं आणि मग टेकडीकडे, जिथे डाळिंबाचा शेंडा कुंपणावरून दिसत होता.

“आज पाहुणी ठेवशील?”

मोरागने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या ओल्या तळव्यावर ठेवली.

“चहात दूध घालू नकोस म्हणजे झालं,” झेलिहा म्हणाली, आणि चढ लागला तशी पुढे झाली.