लाजू नका, असं छातीवर छापून

शर्यत संपली, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि आमचे हे थांबायलाच तयार नाहीत! शेवटची रेघ ओलांडली, मेडल घेऊन उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या दिरांच्या पुढून गेले, रक्ततपासणीच्या तंबूला वळसा घातला आणि थेट मोठ्या रस्त्याला लागले. माझं डोकंच सणकलं.

भावोजींना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. लघवीचा त्रास त्यांनी दोन वर्षं लाजेपायी लपवला. डॉक्टरकडे गेले तोवर तो हाडांत पोचला होता. अशा पुरुषांच्या उपचारासाठी पैसे जमवायची ही शर्यत, आणि तिच्यासाठी यांनी जिवाचं रान केलं. हे गाडी चालवायला शिकवतात. शिकायला बसलेल्या प्रत्येकाकडून वर्गणी काढली, वर उपदेश, "पन्नाशी झाली ना काका? मग तपासून घ्या. त्यात लाजायचं काय?" काकांचा जीव स्टिअरिंगमध्ये अडकलेला, ते काय नाही म्हणणार! टी-शर्टवरही तेच छापलं होतं: पुरुषांनो, लाजू नका.

आणि स्वतः? रात्रभर बाथरूमच्या खेपा. विचारलं की म्हणायचे, "सराव चाललाय, पाणी जास्त होतं." शेवटी मी खडसावलं होतं, शर्यत संपली की आधी तंबूत जायचं. "बरं," म्हणाले. आणि मी विश्वास ठेवला, मूर्खासारखा.

चपला हातात घेऊन मी मागे धावले. पेट्रोल पंपापाशी गाठलं. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते.

"कुठे निघालात?"

"ओरडू नकोस. लोक बघताहेत."

"बघू देत! जगाला शहाणपण शिकवता, आणि स्वतःवर आलं की पळ काढता?"

"दादा चांगला धडधाकट होता गं," ते म्हणाले. "कळलं आणि तेव्हापासून खचत गेला. मला कळूनच घ्यायचं नाही."

"कळलं म्हणून नाही खचले. उशिरा कळलं म्हणून!"

ते जागचे हलेनात. दंडाला धरून ओढलं, तरी नाही. आता मात्र मला रडू यायला लागलं. तंबू दुपारी आवरणार होते, आणि आज निसटले असते तर हा माणूस पुन्हा हाती लागला नसता.

तेवढ्यात काठी टेकत भावोजी आले. चेहरा वेदनेने पांढरा पडला होता. पंपाच्या कठड्यावर त्यांनी अंग टाकलं.

"ढब्ब्या, चल."

"तू हो पुढे दादा. मी आलोच."

"नाही येणार तू. तुझ्या वहिनीला मीही दोन वर्षं असंच सांगत होतो." भावोजींनी हात पुढे केला. "आलो कसाबसा. आता एकट्याने परत जाववणार नाही मला."

यांनी भावाकडे पाहिलं. मग मुकाट्याने त्यांच्या काखेत हात घातला. आम्ही तिघं निघालो. भावोजी दर चार पावलांना थांबत होते, आणि ते थांबले की हे पुन्हा निसटतील म्हणून माझा जीव टांगणीला लागत होता.

तंबूत नर्सने विचारलं, "काही त्रास होतो?"

"नाही."

मी तोंड उघडणार, तोच भावोजींनी खुणेने मला गप्प केलं. नर्स फॉर्मवर लिहायला लागली.

"रात्री सारखं उठावं लागतं," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "आणि आठवडाभर लघवीतून रक्त जातंय."

रक्त? मला वाटत होतं, यांचं सगळं मला ठाऊक आहे. आणि हे आठवडाभर माझ्या शेजारी पडून एकटेच घाबरत होते. नर्सने पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

"भीती वाटतेय गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"मलाही," मी म्हटलं, आणि पडदा सारून डॉक्टर आत आले.