सोमवारपासून पाठवा

इंझोरीच्या मुकेशला नोकरी नाकारणाऱ्यांचं एक मानलं पाहिजे. त्यांनी त्याला कधी तोंडावर नाही म्हटलं नाही. वाशिमच्या शोरूमवाल्यानं चहा पाजला. कारंज्याच्या एका पतसंस्थेतल्या साहेबानं खांद्यावर हात ठेवला. अकोल्याच्या एका हापिसात तर ‘तुमच्यासारखीच माणसं हवीत आम्हाला’ असंही ऐकवलं. आणि शेवटी सगळ्यांनी ‘कळवतो’ म्हटलं. मग मुकेश फोन उशाशी घेऊन झोपायचा. आठवडा गेला की लाज सोडून आपणच फोन लावायचा, तिकडून कोणीतरी ‘साहेब मिटिंगमध्ये आहेत’ म्हणायचं, आणि काही दिवसांनी त्या खुर्चीवर दुसराच पोरगा बसलेला दिसायचा.

आपलं काय चुकलं, ते त्याला कधी कळलं नाही. बी.कॉम. होतं, टॅलीचा कोर्स होता, शर्टाला इस्त्री होती. परत येताना बसमध्ये तो आपलं एकेक उत्तर आठवायचा. हे बोलायला नको होतं का? तिथे हसायला नको होतं का? एखाद्यानं ‘तुझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून हाकलून दिलं असतं तरी मुकेशनं त्याचे पाय धरले असते. पण तेवढेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

अशानं माणूस आंबतो. मुकेशही आंबला. गावात कोणाला नोकरी लागली की याच्या पोटात दुखायचं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा प्रेमसिंग त्याचा वर्गमित्र. शाळेत मुकेशच्या वहीत डोकावून गणितं सोडवणारा. तो वनखात्यात लागला, तेव्हा मुकेश सत्काराला गेला, टाळ्या वाजवून आला आणि दोन दिवस धड जेवला नाही. पित्त झालं म्हणून सांगितलं.

घरात त्याला कोणी टोचून बोलत नसे. बापूरावांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, विहिरीजवळ भाजीची बाग होती. पालक, मेथी, कोथिंबीर बारमाही निघायची आणि कामरगावचा गफ्फारभाई आपली गाडी आणून जुड्या उचलून न्यायचा. खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण मुकेशला जुड्या बांधायच्या नव्हत्या. त्याला टेबल पाहिजे होतं, टेबलावर कॉम्प्युटर पाहिजे होता आणि ‘मुकेश सर’ म्हणून हाक मारणारं कोणीतरी पाहिजे होतं. एवढंच मागणं होतं बिचाऱ्याचं, आणि तेवढ्यापायी त्याची झोप उडाली होती.

कारंज्याला बायपासच्या कडेला बियाण्याच्या कंपनीचं नवं गोदाम झालं आणि तिथे हिशेब लिहायला माणूस हवा असल्याचं गफ्फारभाईनंच सांगितलं. मुकेश मुलाखतीला निघाला, तेव्हा त्याची बायको सुचिता गाडीवर मागे बसली. तिला कारंज्यात बहिणीकडे जायचं होतं. आधी मुलाखत, मग बहीण, असं ठरलं. मुकेश आत गेला आणि सुचिता बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी गफ्फारभाईची मुलगी फरहीनही मुलाखतीलाच आलेली होती. दोघींची ओळख होतीच, त्या बोलत बसल्या.

मॅनेजर काहीतरी आणायला बाहेर आला. जाता जाता त्यानं सुचितालाही विचारलं, “तुमचं शिक्षण काय?” तिनं होतं ते सांगितलं. बी.कॉम., आणि टॅली येते.

“मग बसा की तुम्हीपण टेस्टला.”

सुचितानं दारातून आत मुकेशकडे पाहिलं. मुकेश मोठ्या मनानं हसला. “बस ना,” तो म्हणाला, “गंमत म्हणून बस.”

मोठं मन दाखवायला त्याचं काय जात होतं? टॅली तिला त्यानंच शिकवली होती, घरी, जुन्या लॅपटॉपवर, वेळ जात नव्हता म्हणून. चेल्यानं गुरूला मागे टाकावं असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तिघांपुढे बिलांचे गठ्ठे आले. मुकेश आपलं काम बरं करत होता. पण शेजारून तिच्या बोटांचा आवाज सारखा ऐकू येत होता, थांबतच नव्हता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो सारखा पाहतच राहिला. सुचिता त्याच्या आधी उठली.

निघताना मॅनेजरनं दोघांचे नंबर विचारले. सुचिताजवळ स्वतःचा फोन होता. पण बँक असो, गॅस असो की दवाखाना, लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याचाच नंबर सांगायचा, ही घरोघरची रीत. तिनं मुकेशचा नंबर सांगितला. मॅनेजरनं दोन नावांपुढे एकच नंबर लिहून घेतला.

चार-पाच दिवसांनी मुकेश वाफ्यात पालक खुडत होता. फोन वाजला.

“मुकेशजी बोलताय ना? कारंज्याहून बोलतोय.”

“हो सर. बोला सर.”

“अभिनंदन!”

त्या एका शब्दावर मुकेश कुठल्या कुठे जाऊन आला. खुर्चीवर बसला, कॉम्प्युटर चालू केला, प्रेमसिंगला रस्त्यात भेटून ‘झालं बाबा आपलंही’ म्हणाला, मायच्या पाया पडला. सगळं झालं. मग पलीकडून पुढचं वाक्य आलं.

“सुचिताताईंना सोमवारपासून पाठवा. साडेनऊला.”

मुकेशनं विचारलं, “आणि माझं, सर?”

“तुमचं? बघू. कळवतो.”

“सर, माझं काही कमी पडलं का? म्हणजे टेस्टमध्ये...”

“नाही नाही, तसं काही नाही.” आणि फोन बंद झाला.

मुकेशच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. प्रेमसिंग निदान दूर तांड्यावर होता. ही तर घरातली, ताटाला ताट लावून जेवणारी. एवढी वर्षं उंबरे त्यानं झिजवले, इस्त्रीचे शर्ट त्यानं घामात भिजवले, आणि ही गाडीवर मागे बसून आली, गंमत म्हणून बसली आणि त्याच्या तोंडचा घास घेऊन गेली. त्यानंच शिकवलं होतं तिला! हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबत होतं. आणि बायकोचा असा हेवा वाटणं ही काही बरी गोष्ट नव्हे, हेही त्याला कळत होतं. कळून काय उपयोग, जळायचं ते जळतच होतं.

तरी संध्याकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

संध्याकाळी चौघं जेवायला बसली. भाकरी वाढता वाढता सुचितानं विचारलं, “फोन आल्ता काय हो कारंज्याचा? या वख्ती तुमचं होऊन जाईन, मले वाटते.”

तिनं ते मनापासून विचारलं होतं, आणि मुकेशला त्याचाच राग आला. तो काही बोलणार, तेवढ्यात माय, जिजाबाई, म्हणाली, “अन् हिचंच झालं तं?”

“मंग काय,” बापूराव हसले, “मुकेश रोज हिले गाडीवर सोडून देईन. डबा इसरली तं डबा नेऊन देईन.”

सगळे हसले. सुचितासुद्धा तोंडावर पदर धरून हसली. मुकेशला मात्र गोदामाचं फाटक दिसलं, आणि डबा हातात घेऊन फाटकाबाहेर उभा असलेला तो स्वतः दिसला. आतून कोणीतरी विचारत होतं, ‘तुम्ही कोण? अच्छा, सुचिता मॅडमचे मिस्टर का?’

“नाई आला फोन,” तो म्हणाला.

शनिवारी मॅनेजरचा पुन्हा फोन आला. “ताई येताहेत ना सोमवारी?”

“नाही सर. तिला जमत नाही. घरचं खूप काम असतं.” किती सहज बोलून गेला तो! मग थोडं थांबून, आवाज खाली करून त्यानं पुढचंही म्हटलं. “मी मात्र येऊ शकतो, सर. उद्यापासूनसुद्धा.”

“बरं. कळवतो.”

त्यानंतर मुकेश घरात फार गोडीनं वागू लागला. मानोऱ्याला गेला की सुचितासाठी गरम भजी आणायचा. विहिरीवरून पाण्याची कळशी आपण उचलायचा. “आपल्या दोघायच्याही नशिबात नाई ते,” असं म्हणून तिची समजूत घालायचा, आणि तसं म्हणताना त्याला खरंच बरं वाटायचं. आता दोघं एका ओळीत होती, दोघांनाही कोणी बोलावलेलं नव्हतं. सुचिता नुसतं ‘हो’ म्हणायची आणि कामाला लागायची. रडली नाही, कुढली नाही, तिनं पुन्हा विषयही काढला नाही. हिला काही वाटलंच नाही, मुकेशच्या मनात यायचं. नोकरीची खरी भूक हिला कुठे होती? मग आपण काही फार मोठं पाप केलं नाही. हे त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते त्याला पटलंही.

पुढच्या रविवारी गफ्फारभाईची गाडी बागेपाशी आली आणि गाडीतून बापाबरोबर फरहीन उतरली. हातात पेढ्यांचा डबा होता. ती थेट सुचिताकडे आली.

“भाभी, तोंड गोड करा पयले! मले लागली ना कारंज्याले. सोमवारपासून जाऊन राह्यली.”

“अरे वा,” सुचिता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू खरं होतं, फक्त जरा उशिरा आलं.

“तुमच्याच मेहेरबानीनं लागली, भाभी. सर म्हणे, पयला नंबर तं सुचिताताईचा होता. दोनदा फोन केला म्हणे त्यायनं. तुमी नाई म्हनलं म्हणून मले बोलावलं. अब्बू म्हणे, चाल, डबा आपन सोता नेऊन देऊ.” मग तिनं भाबडेपणानं विचारलं, “तुमी नाई काहून म्हनलं पण, भाभी?”

जिजाबाईच्या हातातली मेथी हातातच राहिली. बापूराव मुकेशकडे पाहू लागले. मुकेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता ही सगळ्यांसमोर आपले वाभाडे काढणार, गफ्फारभाई कामरगावभर सांगणार.

“नोतं जमत बाई,” सुचिता म्हणाली. “रोजचं जाणं-येणं, घरचं काम. तुले लागली, चांगलं झालं.” तिनं पेढा घेतला, अर्धा आपण खाल्ला, अर्धा फरहीनला भरवला. “चांगलं काम कर. कंटाळजो नको.”

जुड्या गाडीत भरल्या गेल्या, गाडी गेली. बापूराव पाटाकडे निघून गेले आणि जिजाबाईही त्यांच्या मागोमाग गेली. मुकेश तिथेच उभा राहिला.

“फोन द्या तुमचा,” सुचिता म्हणाली.

त्यानं दिला. तिनं त्यातून कारंज्याचा नंबर काढून लावला आणि त्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

“सर, मी इंझोरीची सुचिता बोलून राह्यली. आज सुट्टीचा फोन केला, माफ करा. जागा भरली, हे मले माईत आहे. चांगली पोरगी घेतली तुमी. फक्त एवढं सांगाचं होतं का मीनं नाई म्हनलं नोतं. पुढं काई निघालं तं मलेच फोन करा.” तिनं आपला स्वतःचा नंबर सांगितला, दोनदा. मॅनेजर ‘हो ताई, हो ताई’ करत राहिला. “अजून एक इचारू का, सर? यायले काहून नाई घेतलं?”

“कोणाला?” मॅनेजरनं विचारलं.

मुकेशनं मान खाली घातली.

“माह्या मिस्टरले. त्या दिवशी टेस्टले संगं बसले होते.”

“अच्छा, ते होय. नाही ताई, तसं काही कारण नाही. जागा एकच होती, दुसरं काय.”

सुचितानं फोन बंद करून मुकेशच्या हातात दिला. “ऐकलं ना? त्यायच्यापाशी कारनच नाई. तुमच्यापाशी तं असंन? ते तरी सांगा.”

कारणं भरपूर होती. मायचे गुडघे दुखतात, रस्ता खराब आहे, बसचा भरवसा नाही. सगळी तयार होती. पण तिच्याकडे पाहून त्यानं ती सगळी सोडून दिली.

“तुले लागली अन् मले नाई,” शेवटी तो म्हणाला, “हे मले पाह्यवलं नसतं. तुले मीनंच शिकवलं, अन् तू माह्या खुर्चीवर बसली असती. मी जळून राह्यलो होतो, सुचिता. अजूनही जळून राह्यलो.”

ती खाली बसली आणि विस्कटलेली मेथी गोळा करू लागली.

“बरं झालं सांगतलं,” ती म्हणाली. “मले वाटलं, मीच काई चुकीचं बोलली त्या सायेबापुढं. इतके दिवस पालक खुडता खुडता माहं एकेक बोलनं आठवून पाह्यलं. हे बोलाले नोतं पाह्यजे का, तिथं हसाले नोतं पाह्यजे का. काई सापडत नोतं. मंग वाटे, माह्यातच काई खोट असंन, अन् ती मले सोडून सगळ्यायले दिसून राह्यली.” तिनं मेथी बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहिलं. “तुमाले तं माईत होतं ना, कसं वाटते ते?”

मुकेशला माहीत होतं. अख्ख्या इंझोरीत त्याच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं.