शांताबाईचा चोरखिसा

नवा रायपूर इथल्या सरकारी वसाहतीत आंबेडकर जयंतीला हरिदासचा जादूचा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत त्याची बायको शांता ताठ मानेनं बसली होती. ज्यात रुमाल गायब व्हायचा, तो कोटाचा चोरखिसा तिनंच शिवलेला.

आपल्याला बाबा समजून कोणी पाया पडू नये, म्हणून हरिदास शेवटी एक जादू उघडी करायचाच. आजही त्यानं चोरखिसा उलटा करून लपलेला रुमाल दाखवला. लोक हसले. शेजारची साहेबीण पुटपुटली, “अब क्या मज़ा, दीदी?” शांताच्या कपाळावर आठी चढली.

तेवढ्यात हरिदासनं तोच रुमाल पुन्हा गायब केला आणि चोरखिसा पुन्हा उलटला. रिकामा. त्या कोटाला दुसरा खिसाच नव्हता, हे शांताशिवाय कोणाला ठाऊक? सगळ्यांच्या आधी टाळी तिची पडली, आणि सगळ्यांच्या नंतर थांबली.

घरी जाताना हरिदास मिशीत हसत म्हणाला, “रुमाल कुठी गेला, सांगू का तुले?”

“बिलकुल नाही,” शांता म्हणाली. “आजवर तुमची जादू म्या शिवली. आज मले पाहाले भेटली.”