गडबचे नाव छापणारा पत्रा

मी एक जुना पत्रा आहे. माझ्या अंगात 'गडब, भारत' ही अक्षरे कापलेली आहेत. मला पोत्यावर ठेवून शाईचा बोळा फिरवला की गावाचे नाव उमटते.

मित्रांनो, २०११ साली आपला साधा, बासमती नसलेला तांदूळ परदेशी पाठवायला काही वर्षांच्या बंदीनंतर पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हा पेणच्या रामवाडीत जनू पत्रेवाल्याने मला घडवले. हैबतरावांच्या भातगिरणीत मी कामाला लागलो. बोळा फिरवायच्या गिरजाबाई. थोड्याच दिवसांत तांदूळ विकण्यात आपला देश जगात पहिला आला. आमची पोती मस्कतला जात. मला केवढा अभिमान वाटे!

पण हैबतरावांची हाव वाढली. एके दिवशी त्यांनी किडका, कुबट तांदूळ नव्या तांदळात मिसळला. गिरजाबाईंनी बोळा खाली ठेवला.

"मालक, यावर गावाचं नाव नाय मारणार मी."

"अगो, आपल्याला थोडाच खायचा हाय? बोटीतनं लांब जायचा."

"आमच्याकडं पन असला दाणा बोटीतनंच यायचा! ल्हान होते तवा रेशनवर परदेशातला लाल मिलो जोंधळा मिळायचा. आय नाक दाबून भाकरी थापायची. आता तसलंच दुसऱ्याच्या पोरांना घालू?"

हैबतरावांनी त्यांना त्याच क्षणी कामावरून काढले. मग स्वतः मला दाबून धरत चारशे पोत्यांवर नाव छापले. मला ओरडता आले असते तर गिरणी हादरली असती.

महिन्याभराने फोन आला. नागोठण्याचा सईद मस्कतमध्ये दुकान चालवतो. त्याचा आवाज गिरणीभर ऐकू आला. "गडबचं नाव बघून मी गिऱ्हाइकाला खात्री दिली, शेट! त्यानं पोतं माझ्या दारात ओतलं. आळ्या वळवळत होत्या!"

सगळा माल नाकारला गेला. पुढच्या हंगामात गडबचा तांदूळ कुणी विचारीना. महिपतीसारख्या शेतकऱ्यांचा निवडक, नवा तांदूळ घरातच पडून राहिला. त्यांचा काय अपराध होता?

आणि हैबतरावांचे काय झाले? काही नाही! त्यांनी दुसऱ्या गावाचे नाव कापून नवा पत्रा करवून घेतला. मला भंगारात फेकले. गिरणी धडाडून चालूच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी धान्य घेऊन जगाच्या बाजारात उतरेल. आपण पहिले आलो म्हणून टाळ्या वाजवण्याआधी पोत्यात हात घाला. जो खाणार आहे तो तुम्हाला कधी दिसणार नाही. म्हणूनच त्याला फसवू नका.