शिवलीलाअक्कांचा पाऊस

सातवीतली सुखदा पुण्याहून कानडी मुलखात, बेळ्ळंदूरला आली ती ऐन एप्रिलच्या उकाड्यात, आणि नव्या शाळेत तिच्या वाट्याला पहिलं काम आलं ते पाऊस मोजायचं. तिनं सरळ काचेची बरणी घेतली, तिला मोजपट्टी चिकटवली आणि बाल्कनीच्या कठड्याला बांधून टाकली.

रोज संध्याकाळी बरणीत दोन बोटं पाणी. वर आभाळ कोरडं ठणठणीत. वर्गात बाकीच्यांच्या तक्त्यात शून्यांची रांग आणि हिच्याकडे रोज पाऊस. मुलं हसली. नीट मोजतेस ना, एवढंच मिसनी विचारलं. नव्या जागी पहिल्याच महिन्यात खोटारडं ठरणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. सुखदाला शाळेत जावंसं वाटेना. दुपारी डोळे मिटून पडली की मात्र वाटायचं, एक लहानसा ढग दमल्या पाहुण्यासारखा आपल्याच बाल्कनीवर टेकतो आणि गुपचूप निघून जातो.

रविवारी ती पाळतीवर बसली. काखेत कळसा नि गावाला वळसा. थेंब वरच्या घरातल्या एसीच्या नळीतून पडत होते.

वर भीमसेनअज्जा राहायचे, मूळचे बेळगावकडचे. जन्मभर लोकांचे एसी दुरुस्त करून स्वतःची नळी तशीच ठेवलेले. ते ओशाळले, आजच वळवतो म्हणाले. एसीत पाणी भरावं लागतं का, असं सुखदानं विचारल्यावर ते तिला आत घेऊन गेले. गार, अंधुक खोलीत त्यांची पत्नी शिवलीलाअक्का अंथरुणावर होत्या. आठ महिन्यांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पाणी कोण भरत नाही, बाळ," अज्जा हलकेच म्हणाले. "खोलीतली वाफ आतल्या थंड नळ्यांना लागते, तिचे थेंब होतात. ढगात होतं तेच की. वाफ स्वल्प बाहेरची, स्वल्प हिच्या श्वासाची."

सुखदा कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. पांघरूण सावकाश वर जायचं, खाली यायचं. बाहेर कुठंतरी टप्प वाजायचं. आपण ढगाच्या आत उभ्या आहोत असं तिला वाटलं. रडू आलं, आणि बरंही वाटलं.

सोमवारी तिनं एकोणीस दिवसांचा पाऊस सगळ्यांसमोर खोडला आणि शून्यं लिहिली. मग ते पाणी आलं कुठून, मिसनी विचारलं. मागच्या बाकांवर हसू फुटायच्या बेतात होतं.

"वरच्या घरातल्या एसीच्या नळीतून. तिथं शिवलीलाअक्का राहतात, खूप आजारी आहेत," सुखदा म्हणाली. "त्या अजून श्वास घेतात."

कोणी हसलं नाही. मिसनी खडू उचलला आणि फळ्यावरच्या जलचक्रात, समुद्राच्या आणि झाडांच्या शेजारी, एक माणूस काढला.