शालनच्या गालावरची तीट

फोन मिळाल्यापासून माझी मुलगी शालन बघितल्यानं झिजू लागली. आधी डावा कान गेला. हाताला लागायचा, पण दिसायचा नाही. कुडी नुसती हवेत लोंबायची, म्हणून तिनं ती काढून ठेवली.

शालन अंगणवाडीत सेविका आहे. फोन कंपनीनं बनवला, सरकारनं वाटला. मुलांना खिचडी वाढताना तिनं रोज आपला फोटो पाठवायचा. तिकडे कुणीतरी तो बघायचं, आणि बघितलं तेवढं अंग इथं कमी व्हायचं. पावसाळा सरेपर्यंत तिचे हातही गेले. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. खिचडीचा डाव आपोआप फिरतो म्हणून ती हसायची आणि म्हणायची, "बाई, मला अजून."

मी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही.

"जबर दृष्ट आहे गं," मी म्हटलं.

"ही मिरच्यांनी नाही उतरायची, आई. सोमवारी आम्ही सगळ्याजणी फोन कचेरीच्या पायऱ्यांवर ठेवून येणार आहोत."

फोन तेव्हा फडताळात, तूरडाळीच्या डब्यात होता. त्यानं ऐकलं.

सोमवारी सकाळी ती पुरती दिसेनाशी झाली. चहाचा कप उचलला जायचा आणि रिकामा खाली यायचा. मला ते सोसवेना. पोटची पोर, आणि तिचं तोंड कुठं आहे ते कळेना. मी चाचपून गाल शोधला आणि काजळाचं बोट टेकवलं. लहानपणी लावायची तशी तीट.

"अगं, मी काय तान्ही आहे का आता?" ती हसली. ठिपका थोडा वर गेला. मला बरं वाटलं.

तेवढ्यात दोघेजण आत आले. एक कंपनीचा, एक सरकारी. दोघांत मिळून डोळ्यांची जोडी एकच होती. एकाचं बघून झालं की तो डोळे काढून रुमालानं पुसायचा आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा.

"फोन परत करायला लावणारी बाई कुठाय, मावशी?" सरकारी माणसानं विचारलं. तेव्हा डोळे त्याच्याकडे होते.

"कुणाला हवीय?"

"यांना," कंपनीवाला म्हणाला.

"डोळे यांचे आहेत. आम्ही नुसतं बघतो," सरकारी म्हणाला. "तिचं सगळं आमच्याकडे आहे. फक्त ती सापडत नाही."

"मग बघा की. मी एकटीच आहे घरात."

त्यानं खोलीवरून नजर फिरवली. नजर भिंतीपाशी थांबली.

"हा डाग कसला?"

"भिंतीचा आहे."

"हलतोय."

"द्या इकडे, मी खात्री करतो," कंपनीवाल्यानं हात पुढे केला. सरकारी माणसानं डोळे काढले आणि सावकाश पुसायला घेतले. तेवढा वेळ दोघंही आंधळे होते.

"आई, पूस," शालन कुजबुजली.

"पुसल्यावर मला तू कुठं दिसशील?"

"पूस गं."

मी पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि तिच्या गालाला लावलं. गाल ऊन होता. माझं बोट हलेना.

कंपनीवाल्यानं एक डोळा बसवला.